अगदीच राहवलं नाही तर निम्मं

सकाळी मी अत्यंत निग्रही माणूस असतो. सात वाजता माझ्यासमोर जिलब्यांचं ताट ठेवलं, तर चुकीच्या कपाटात गेलेल्या पुस्तकाकडे बघावं तसं मी त्याच्याकडे बघेन आणि पुढे जाईन. दुपारीही मी बरा असतो. दोन पोळ्या, भात नाही, यात मला फारसा त्याग वाटत नाही. पण संध्याकाळचे सव्वापाच झाले, समोरच्या नारळाची सावली आमच्या फाटकावर आली, की हा निग्रही माणूस चपला घालून कुठेतरी निघून जातो आणि त्याच्या खुर्चीत दुसराच एक इसम येऊन बसतो. त्याला काहीतरी कुरकुरीत हवं असतं. ते खारट असलं तर उत्तम, तिखट असलं तर अतिउत्तम, आणि त्यावर काहीतरी गोड मिळालं तर तो नाही म्हणत नाही. आमचं आडनाव लावणारा हा इसम माझ्या घरात किती वर्षं राहतो आहे, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी, रक्त तपासल्यावर कळलं.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या जून-जुलैतली. उपाशीपोटी साखर एकशे अठ्ठ्याऐंशी निघाली. आमच्या डॉक्टरीणबाई मितभाषी आहेत. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि या दोन्ही दस्तऐवजांत त्यांना काही विसंगती आढळली नसावी.

"सहा आठवडे खाणं सांभाळा," त्या म्हणाल्या. "मग गोळ्यांचं ठरवू. तुमचं दिवसाचं खाणं ठीक आहे. घोटाळा संध्याकाळी होतोय. पाच ते सात तळलेलं, गोड, बेकरीतलं, सगळं बंद."

मी बहुधा फारच केविलवाणा दिसलो असेन, कारण त्यांनी तक्त्याच्या तळाशी एक ओळ हातानं लिहिली: अगदीच राहवलं नाही तर निम्मं.

पुढे जे काही झालं त्याला ही ओळ जबाबदार आहे, असं माझं म्हणणं होतं. आता तेही तितकंसं खात्रीनं म्हणवत नाही.

साखर एवढ्यावरच राहिली असती तर मी ती शांतपणे वाढू दिली असती. पण रविवारी पुण्याहून विद्याचा, आमच्या मुलीचा, फोन आला. ती बँकेत अधिकारी आहे आणि आई-वडिलांशीही अधिकाऱ्यासारखीच बोलते.

"बाबा, सहा आठवडे ना? ठीक आहे. आकडा एकशे तीसच्या आत आला तर मी काही बोलणार नाही. नाही आला, तर तिथलं घर भाड्यानं द्यायचं आणि दोघांनी इकडे यायचं. माझ्या नजरेसमोर राहिलात तरच तुम्ही पथ्य पाळाल."

"आणि पुस्तकं?" मी विचारलं.

"पुस्तकांचं बघू."

'बघू' हा शब्द मी एकतीस वर्षं सरकारी फायलींवर वाचला आहे. एका संशोधन संस्थेत मी ग्रंथपाल होतो. ज्या फायलीवर तो शब्द आला ती फाईल पुन्हा कोणी पाहिलेली मला आठवत नाही. विद्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खोल्या अडीच. त्यातली अर्धी माझी. माझी पुस्तकं तीन हजार. बंगळुरात बनशंकरीतलं हे घर मी या पुस्तकांसाठीच बांधलं होतं, राहायला आम्हीही आलो एवढंच.

सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, फोनच्या शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिचं भजनी मंडळ आहे. बंगळुरातल्या मराठी बायकांचं, बनशंकरीपासून राजाजीनगरपर्यंत पसरलेलं, आणि पेटी सुनंदाच वाजवते. तिनं रिसीव्हर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "पुण्यात पेटी वाजवणाऱ्या शंभर जणी आहेत." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि डबे काढायला लागली. चिवडा, शेव, शंकरपाळी, कोडुबळी, सगळे डबे शेजारच्या वसुमती अक्कांकडे रवाना झाले. मी व्हरांड्यातून पाहत होतो. जुन्या मित्रांची बदली व्हावी तसं वाटलं.

पहिला आठवडा सल्ल्यांचा होता. वसुमती अक्कांनी मेथ्या भिजवून ते पाणी प्यायला सांगितलं. ते प्यायल्यावर भूक जात नाही, जगण्याची इच्छा तेवढी स्वल्प कमी होते. वरच्या खोलीत आमचा भाडेकरू उपेंद्र राहतो. पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीत, कमरेला पेजर. तो म्हणाला, "काका, क्रेव्हिंग हे टोटली सायकॉलॉजिकल असतं. वीस मिनिटं माइंड डायव्हर्ट करा, इट जस्ट गोज." हे सांगताना त्याच्या हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी होती आणि तो त्यातून एकेक काढून खात होता. मी वीस मिनिटं त्या पिशवीकडे बघत माइंड डायव्हर्ट केलं.

तक्त्यात साडेपाचला 'मूठभर चणे' असं लिहिलं होतं. मूठ कोणाची हे लिहिलं नव्हतं. सुनंदानं स्वतःची मूठ वापरली. तिची मूठ किती लहान आहे हे चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या लक्षात आलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी देवघरातल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटीला पाठमोरा उभा राहून दात लावत असताना ती मागे येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "देवापुढे आता काय ठेवू, काकडी?" असं तिनं विचारलं, आणि खरोखरच काकडी ठेवली. त्या संध्याकाळी आरतीला मला मान वर करता आली नाही.

घरात राहून हे जमणार नाही, हे उघड होतं. जिथे खाण्याचं काहीच नाही अशा जागी पाच ते सात स्वतःला नेऊन ठेवायला हवं होतं. अशी एकच जागा मला माहीत होती. आमच्यापासून दहा मिनिटांवर ज्ञानवर्धिनी नावाचं वाचनालय आहे. वाचनालयात खायला बंदी असते. मी स्वतः एकतीस वर्षं तशी पाटी लावत आलो होतो.

सभासद व्हायला गेलो. टेबलामागे एक कारकून बसले होते. त्यांनी मला तीन प्रतींचा अर्ज दिला. दोन छायाचित्रं, दोन सभासदांच्या ओळखीच्या सह्या आणि रेशनकार्ड.

"रेशनकार्ड कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही इथलेच आहात हे कळायला, सार."

"पण मी फक्त बसून वाचणार आहे. पुस्तक घरी नेणार नाही."

"बसायला पण पुरावा लागतो." त्यांनी अर्जावरून नजर फिरवली. "पूर्वी काय काम करत होता?"

"ग्रंथपाल होतो."

"मग तुम्हाला नियम सांगायची गरजच नाही," ते म्हणाले. माझ्याच हत्यारानं मी घायाळ झालो होतो. खाण्यापासून पळण्यासाठी रेशनकार्ड दाखवावं लागणारा मी बंगळुरातला पहिलाच माणूस असेन.

पहिली सही मिळाली, पण दुसऱ्या सहीचा माणूस तिरुपतीला गेलेला. छायाचित्रं काढली तर ती काळी-पांढरी, आणि नियमात रंगीत. नऊ दिवस गेले. पहिली सही कृष्णमूर्तींची होती, वसुमती अक्कांच्या यजमानांची. हे निवृत्त इंजिनिअर, मूळचे धारवाडचे, त्यामुळे मराठी बरं बोलतात. त्यांनाही साखर आहे. माझ्यापेक्षा बारानं जास्त, आणि याचा त्यांना थोडा अभिमानही आहे. माझी योजना ऐकल्यावर तेही निघाले. "दोघं असलो की मोह निम्मा होतो," ते म्हणाले. निम्मा हा शब्द त्यांच्या तोंडी तेव्हा पहिल्यांदा आला.

दहाव्या दिवशी, पाच वाजता, आम्ही दोघं वाचनालयात टेबलाशी बसलो. समोर ग्रंथ होते, छताला पंखा होता, खाण्याचा कण नव्हता. मला फार वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं. सव्वापाचला कारकून उठले आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागले.

"सव्वापाच ते सव्वासहा बंद असतं, सार. स्टाफचा टिफिन टाइम."

आम्ही जिन्यात आलो. कारकुनांनी कुलूप लावलं आणि आमच्या पुढून खाली उतरून थेट तळमजल्यावरच्या दर्शिनीत शिरले. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं उपाहारगृह. कूपन घ्यायचं, खिडकीवर द्यायचं, ताटली उचलायची आणि छातीइतक्या उंच टेबलाशी उभं राहून खायचं. इतके दिवस मी इमारतीच्या दुसऱ्या बाजूनं येत होतो, म्हणून ती माझ्या लक्षात आली नव्हती. नाकाच्या मात्र त्या क्षणी आली. कढईत उडीदवडे पडत होते. जिना थेट त्या कढईच्या डोक्यावर होता.

आम्ही पाच मिनिटं जिन्यात उभे राहिलो. उपेंद्र म्हणाला होता तसं वीस मिनिटं थांबायचा माझा विचार होता.

"सूर्यकांतराव," कृष्णमूर्ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमच्या तक्त्यात शेवटी काय लिहिलंय?"

"अगदीच राहवलं नाही तर निम्मं."

"आता तुम्हाला राहवतंय?"

मी प्रामाणिक माणूस आहे. नाही म्हणालो.

"सरी, ठीक आहे. मग बाय-टू."

या गावात तुम्ही राहिला नसाल तर हे सांगायला हवं. इथे एक कॉफी मागून दोघांत पिण्याची पद्धत आहे. त्याला बाय-टू म्हणतात. मागणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला राग नाही. कॉफी करणारा माणूस न सांगता दोन पेले पुढे करतो. मोठमोठे अधिकारीसुद्धा बाय-टू पितात. त्या दिवशी मला वाटलं, डॉक्टरीणबाई या गावच्या आहेत, त्यांनी 'निम्मं' लिहिलं तेव्हा त्यांच्या मनात हेच असणार. संपूर्ण शहरानं मान्य केलेलं, खिडकीवर अधिकृतपणे मिळणारं निम्मं.

आम्ही एक वडा बाय-टू केला. एक कॉफी बाय-टू केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्म्यावर आलेल्या वाफेच्या नावावर घातलं.

चूक इथे झाली, आणि ती अत्यंत सभ्यपणे झाली. कृष्णमूर्तींनी दुसऱ्या दिवशी सिद्धान्त मांडला की निम्मं हे त्या त्या पदार्थाचं असतं. वड्याचं निम्मं वेगळं, डोशाचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात मिळवायचं नाही. मला हे पटलं. ग्रंथालयात दोन वेगळ्या विषयांची पुस्तकं एका क्रमांकाखाली ठेवत नाहीत. त्यामुळे आम्ही अर्धा डोसा, अर्धा वडा, अर्धा बोंडा आणि मंगळुरी भजी अर्धी घेऊ लागलो. वर अर्धी कॉफी, आणि ती नेहमीच कमी वाटते म्हणून आणखी एक अर्धी. शिवाय बाय-टू मागितलं की तो कॉफीवाला दोन्ही पेले जवळजवळ गळ्यापर्यंत भरायचा. चांगला माणूस होता. आमच्यावर त्याचा जीव होता.

आठवडाभर आम्ही असे सुखात होतो. घरी सांगायचो, वाचनालयात गेलो होतो. हे खोटं नव्हतं, फक्त एक मजला खालचं होतं. मात्र रात्री ताटातली ज्वारीची भाकरी बघितली की मला पुण्यातली ती अर्धी खोली दिसायची. एकदा स्वप्नात विद्या माझी पुस्तकं बाय-टू करत होती. तरीही सव्वापाचला तो इसम यायचाच, आणि जिन्यावरून खाली उतरायचा.

दर्शिनीच्या नवव्या दिवशी मी अर्धा डोसा तोंडाशी नेला आणि मागून आवाज आला, "नमस्कार, सर."

रत्नाकर. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो. माझ्याच संस्थेत हिशेबनीस होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्याची बायको सुनंदाच्या भजनी मंडळात झांजा वाजवते. तो शेजारच्या टेबलाशी वडा-सांबार घेऊन उभा होता आणि माझ्याकडे आदरानं बघत होता.

"नमस्कार," मी म्हणालो. "मी... ते... पत्ता विचारायला आलो होतो."

"कुणाचा, सर?"

मला कोणाचंही नाव सुचेना. माझ्या हातात डोसा होता. मी तो कृष्णमूर्तींच्या ताटलीत ठेवला, जणू मी त्यांचा वाढपी आहे, आणि बाहेर पडलो. खाताना ओळखीच्या माणसानं बघितलं तर मला घास गिळता येत नाही. लहानपणापासून हे असंच आहे. लग्नातही मी सगळ्यांच्या मागच्या पंगतीला, भिंतीकडच्या पाटावर बसलो होतो. माझ्याच लग्नात.

दुसऱ्या दिवशीही रत्नाकर तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी "नमस्कार, सर," आणि मग नुसता बघायचा.

"हा तुमचा रत्नाकर आता रोज येणार," कृष्णमूर्ती म्हणाले. "आपण गांधीबाजारला जाऊ."

गांधीबाजार चालत पाऊण तास. बसनं गेलो असतो, पण पाच वाजताच्या बसमध्ये निम्मी बनशंकरी असते आणि सगळे विचारतात, कुठे निघालात. म्हणून चाललो. तिथली दर्शिनी उत्तम होती. आम्ही मद्दूर वडा बाय-टू घेतला. मी पहिला तुकडा तोडला आणि समोर शालनताई उभ्या. भजनी मंडळाच्या खजिनदार. हातात छत्री, चेहऱ्यावर हसू.

"अगंबाई, सूर्यकांतराव. एवढ्या लांब?"

"फुलं," मी म्हणालो. "फुलं घ्यायला."

"छान. सुनंदाताईंना सांगते हं, भेटले होते म्हणून."

"नको, नको. म्हणजे, आश्चर्याचा धक्का आहे."

तो तुकडा मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. पाऊण तास परत चाललो. वाटेत खरोखरच फुलं घ्यावी लागली. सुनंदानं ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "वाचनालयात फुलंही मिळायला लागली वाटतं," ती म्हणाली, आणि गजरा माळला. जेवताना ताक वाढत होती तेव्हा सहज विचारलं, "पाय दुखतायत का? तेल चोळून देऊ?"

माझ्या मनात अपराधीपणा इतका दाटला की मी भाकरीचा चतकोरही ठेवून दिला.

त्यानंतर जे घडत गेलं त्याला मी दुर्दैव म्हणत होतो. जयनगरला गेलो, तर तिथे मंडळात तबला वाजवणाऱ्या बाईंचे यजमान. चामराजपेठेत गेलो, जाऊन-येऊन दोन तास, तर तिथे त्याच बाईंची जाऊ. सगळे हसून नमस्कार करत. कोणी एक शब्द जास्त बोलत नसे. मी तोंडातला घास तोंडात ठेवून मान डोलवी आणि आम्ही ताटली तशीच टाकून निघत असू. दोन घासांच्या पुढे आमची मजल जाईना. कृष्णमूर्तींना ओळखणारं तिथे कोणी नव्हतं, त्यांनी खुशाल खायला हवं होतं. पण ते म्हणाले, "तुम्ही नाही तर बाय-टू कसं होणार? एकट्यानं खाल्लं तर ते पूर्ण होतं." तत्त्वाचा माणूस.

मला राहून राहून वाटे, या गावात मराठी माणसं थोडी, आपापल्या घरात मराठी बोलणारी, एरवी वर्षातून एकदा गणपतीला दिसणारी. ती सगळी नेमकी संध्याकाळी माझ्या ताटलीसमोर कशी उगवतात? मी याची अनेक कारणं शोधली. त्यातलं सगळ्यात पटलेलं कारण म्हणजे माझं नशीबच तसं आहे.

एका सकाळी सुनंदा फोनवर बोलताना ऐकली. "हो, पाच वीसला. नाही, काही म्हणायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि नमस्कार करायचा." आषाढी एकादशी जवळ आली होती. भजनाच्या कार्यक्रमाची तयारी चालली असेल असं समजून मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

शेवटचा प्रयत्न राजाजीनगरला केला. सहा आठवडे संपायला चार दिवस उरले होते. गावाचं दुसरं टोक. तिथे आपल्याला कोण ओळखतं, असं म्हणून या वेळी छाती करून बसमध्ये बसलो. पण निम्म्या वाटेवर मागच्या बाकावरून कोणीतरी मराठीत खोकल्यासारखं वाटलं, आणि मी घाबरून कृष्णमूर्तींना घेऊन उतरलो. तिथून पुढे चालत. पोचलो तेव्हा पावणेसात वाजले होते आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी दारातूनच आत डोकावलो. ओळखीचं कोणी नव्हतं. कृष्णमूर्तींनी डोसा आणला, बरोबर मधोमध मोडला, माझं निम्मं माझ्या हातात ठेवलं.

"या, या," खांबामागून आवाज आला. "किती वेळ वाट बघतोय. म्हटलं, आज येत नाही वाटतं."

शालनताईंचे यजमान, मकरंदराव. राहणारे गांधीबाजारचे. त्यांच्या समोर तीन रिकामे पेले होते. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी घाईघाईनं जोडलं, "म्हणजे, नमस्कार."

मी डोसा खाली ठेवला. वाट बघतोय, हे शब्द परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात फिरत होते. तरी मला कळलं नाही. मी पुस्तकातल्या गोष्टी चटकन समजणारा आणि घरातल्या सावकाश समजणारा माणूस आहे.

रक्त दिलं त्या दिवशी मी सुनंदाला सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. आकडा वाढलेला असणार यात शंका नव्हती. कागद हातात येण्याआधी कबुली दिली तर निदान पुण्याला जाताना तिच्या नजरेला नजर देता येईल, एवढाच हेतू. पण डॉक्टरीणबाईंच्या दाराशी रांग होती आणि तिथे कबुली देणं मला जमेना. आमचा नंबर आला.

"एकशे चोवीस," बाई म्हणाल्या. "वजन साडेतीन किलो कमी. काय केलंत तुम्ही?"

मी तोंड उघडलं.

"संध्याकाळी चालतात," सुनंदा म्हणाली. "रोज दीड-दोन तास. आणि चालून आले की दोन घासांच्या वर खात नाहीत."

"उत्तम. असंच चालू ठेवा. गोळी नको." त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ बघितली. "हे निम्मं कधी लागलं का?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

आम्ही घरी आलो. फाटकाशी मी थांबलो. "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. कृष्णमूर्तींच्या पोटात काही राहतं का? वसुमती अक्कांना काय खाल्लं ते संध्याकाळी सांगायचे, आणि उद्या कुठे जाणार तेही." ती कडी काढू लागली. "मी आठवडाभर वाट बघितली. म्हटलं, आपणहून थांबतील."

"मग रागवायचं होतंस."

"तुम्हाला रागावून काय होतं? खोबऱ्याच्या वेळी नाही म्हटलं मी काही? लपायला आणखी चांगली जागा शोधता, एवढंच. तुम्हाला कोणी बघितलं की मात्र घास थांबतो." ती हसली नाही. "पुण्याला मला जायचं नाही हो. तुमच्या पुस्तकांइतकीच माझी माणसं आहेत इथे. ती कामाला लावली. मकरंदराव तेवढे बडबडे निघाले, पण राजाजीनगरच्या बाईंना त्या दिवशी ताप होता, ऐन वेळी दुसरं कोण मिळणार?"

संध्याकाळी विद्याचा फोन आला. आकडा ऐकल्यावर तिनं तो पुन्हा सांगायला लावला. "बाबा, खरंच? मग राहा तिथेच," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "ते पथ्य मला लिहून पाठवा. ह्यांनाही द्यायचंय." मी बघू म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सावली फाटकावर आली होती, आणि तो इसम खुर्चीत हलायला लागला होता. मी काकडी घ्यायला उठलो, तर सुनंदा चपला घालून दारात.

"चला. एवढं काय असतं तिथे ते मलाही बघू दे. एक वडा, बाय-टू. चालत जायचं आणि लांबच्या रस्त्यानं परत यायचं."

वाचनालयाखालच्या त्या दर्शिनीत मी दोन-अडीच आठवड्यांनी पाऊल टाकलं. कॉफीवाल्यानं ओळखीचं हसून पेले गळ्यापर्यंत भरले. आणि शेजारच्या टेबलाशी, हातात बोंडा, समोर डोसा, शर्टाचं खालचं बटण उघडं, असा रत्नाकर उभा होता.

"नमस्कार, सर," तो म्हणाला. मग सुनंदाला बघून दचकला. "वहिनी, तुम्ही?"

"तुम्ही अजून इथे काय करताय?" सुनंदानं विचारलं.

"माझी ड्यूटी आहे ना. पाच वीस ते सव्वासहा."

"अहो, हे इकडे यायचे कधीच बंद झाले. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"कोणी कळवलंच नाही." रत्नाकरनं बोंडा खाली ठेवला. "मी रोज येतोय. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून काहीतरी घेत होतो." तो माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणला. "सर, काल रक्त तपासलं. एकशे नव्वद. बाईंनी संध्याकाळचं सगळं बंद सांगितलंय. अगदीच राहवलं नाही तर निम्मं म्हणाल्या."

तो आमच्या वड्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखली. सुनंदानंही ओळखली असावी. तिनं वड्याचे शांतपणे तीन तुकडे केले, दोन आम्हा पुरुषांना दिले आणि तिसरा स्वतः खाल्ला. तिसरा बराच मोठा होता.

"उद्यापासून," ती मला म्हणाली, "पाच वीसला तुम्ही इथे येऊन उभं राहायचं. काही बोलायचं नाही. रत्नाकर दिसले की नुसता नमस्कार करायचा."

"पण नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही," मी म्हणालो. "हातात काहीतरी असायला हवं."

"पुस्तक घ्या," सुनंदा म्हणाली.